गॅडोलिनियम: वीस अंशांना चुंबकत्व सोडणारा धातू

अणुरेणू

आवर्तसारणीच्या तळाशी दोन ओळी वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात, त्यांच्याकडे शाळेत कुणी ढुंकून बघत नाही. परीक्षेत येत नाहीत, विषय संपला. त्यातल्या वरच्या ओळीच्या मध्यावर ६४ क्रमांकाचा गॅडोलिनियम बसलेला आहे. गेले काही महिने या एकाच धातूबद्दल मिळेल ते वाचतोय, म्हणून हा धागा.

आधी दिसणारी गोष्ट सांगतो. गॅडोलिनियमचा नखाएवढा तुकडा बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करायचा, पुसायचा आणि साध्या फेराइट चुंबकाजवळ न्यायचा. लोखंडासारखा टक्कन चिकटतो. आता त्याच्यावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडायची. थोड्याच वेळात तुकडा सैल पडतो, घसरतो आणि खाली येतो. पुन्हा गार करा, पुन्हा चिकटतो. (निओडिमियमचा ताकदवान चुंबक घेतलात तर मजा जाते. तो गरम तुकड्यालाही धरून ठेवण्याइतका जोरकस असतो.) प्रत्येक चुंबकीय धातूचं एक क्युरी तापमान असतं, त्याच्या वर आतली शिस्त मोडते. लोखंडाचं ७७० अंश सेल्सियस, कोबाल्टचं ११०० च्या पुढे, निकेलचं साधारण ३५५. गॅडोलिनियमचं २०! म्हणजे थंडीत चुंबकीय आणि उन्हाळ्यात नाही.

बाकी रूप चारचौघांसारखं. चंदेरी, मऊसर, घनता ७.९, वितळतो १३१३ अंशांना. कोरड्या हवेत बरा राहतो, दमट हवेत काळवंडतो आणि ऑक्साइडचे पापुद्रे सुटतात. सौम्य आम्लात सहज विरघळतो. क्षार रंगहीन, आणि याचं मला विशेष वाटलं, कारण आजूबाजूची भावंडं रंगीत आहेत: प्रेसिओडिमियम हिरवा, निओडिमियम जांभळट, एर्बियम गुलाबी. हा मात्र पाण्यासारखा.

शोधाची कथा लांबलचक आहे. स्वीडनमधल्या इटर्बी गावच्या खाणीत १७८७ साली कार्ल ॲक्सेल अर्‍हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड काळा दगड सापडला. १७९४ मध्ये फिनलंडच्या योहान गॅडोलिन यांनी त्याचं पृथक्करण करून त्यात आजवर माहीत नसलेली ‘माती’ (म्हणजे धातूचं ऑक्साइड) आहे असं जाहीर केलं. ती माती म्हणजे एकच पदार्थ नव्हता, एकात एक दडलेल्या बऱ्याच मूलद्रव्यांचं गाठोडं होतं, आणि ते सोडवण्यात पुढची शंभरेक वर्षं गेली. १८८० मध्ये जिनिव्हात मारिन्याक यांना वर्णपटात अनोळखी रेषा दिसल्या. १८८६ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रां यांनी त्या रेषांमागच्या मूलद्रव्याचं ऑक्साइड वेगळं काढलं आणि मारिन्याक यांच्या संमतीने गॅडोलिनियम हे नाव ठेवलं. गॅडोलिन तोवर हयात नव्हते, १८५२ मध्येच गेले होते. गंमत म्हणजे त्यांच्या नावाच्या गॅडोलिनाइट खनिजात हा धातू अगदीच थोडा असतो. शुद्ध धातू हाती यायला १९३५ उजाडलं. फ्रान्समध्ये फेलिक्स त्रोंब यांनी तो तयार केला, आणि त्याच वर्षी त्याचं चुंबकत्वही उघडकीला आलं.

आता या सगळ्यामागचं कारण. या ओळीतली मूलद्रव्यं एफ कक्षेत एकेक इलेक्ट्रॉन भरत जातात. एफ मध्ये सात घरं, प्रत्येकात जास्तीत जास्त दोन. गॅडोलिनियमच्या आयनात बरोब्बर सात इलेक्ट्रॉन आहेत, सातही घरात एकेक, सगळ्यांची फिरकी एकाच दिशेला. इतके जोडीदाराविना इलेक्ट्रॉन दुसऱ्या कुठल्या स्थिर मूलद्रव्याच्या साध्या आयनात क्वचितच सापडतील. रंग नसण्याचं कारणही तेच. ही अर्धी भरलेली रचना इतकी घट्ट आहे की तिला हलवायला दृश्य प्रकाशाची ऊर्जा पुरत नाही, अतिनील लागतं.

माझं म्हणणं असं की या धातूचे बहुतेक सगळे उपयोग या सात इलेक्ट्रॉनांतून निघतात. एमआरआयच्या इंजेक्शनाबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

चौकस

छान लिहिलंय. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते हेच का? जड धातू थेट रक्तात सोडायचा म्हणजे धास्तीच वाटते.

---

फिल्मवाली

हो, तेच. रेडिओलॉजीत काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

कुपीत दिसतं ते पाण्यासारखं स्वच्छ द्रव. नेहमीचं प्रमाण दर किलो वजनाला ०.१ मिलिमोल. सत्तर किलोच्या माणसाला ७ मिलिमोल, म्हणजे एक ग्रॅमपेक्षा थोडं जास्त गॅडोलिनियम. नेहमीच्या तीव्रतेचं औषध असेल तर साधारण १४ मिलिलिटर.

एमआरआय मशीनला गॅडोलिनियम दिसत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मशीन बघतं पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांकडे. रेडिओ लहरींनी ती विचलित करायची आणि पूर्वपदावर यायला त्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. जवळ गॅडोलिनियम असेल तर ती फार लवकर पूर्वपदावर येतात, आणि विशिष्ट पद्धतीच्या चित्रात तो भाग पांढरा उजळतो. मेंदूत निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती हे औषध बाहेर झिरपू देत नाहीत. गाठ असेल, सूज असेल, तर भिंत गळकी होते आणि नेमका तेवढाच भाग चमकतो. आधीच्या चित्रात नुसता राखाडी पट्टा असतो, औषधानंतरच्या चित्रात त्याच जागी कडा आखून दिल्यासारखी गाठ दिसते.

सुट्टा गॅडोलिनियम विषारी असतो. त्याचा आयन आकाराने कॅल्शियमच्या जवळपास, त्यामुळे शरीरात कॅल्शियमच्या वाटा अडवतो. म्हणून तो सुट्टा कधीच देत नाहीत. एका मोठ्या सेंद्रिय रेणूने त्याला आठ बाजूंनी पकडून ठेवलेलं असतं. नववी जागा मोकळी ठेवतात, तिथे पाण्याचा रेणू येतो, ‘झटका’ घेतो, निघून जातो, दुसरा येतो. सेकंदाला लाखो वेळा. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर रक्तातलं निम्मं औषध दीडेक तासात बाहेर पडलेलं असतं.

अशा प्रकारचं पहिलं औषध १९८८ मध्ये बाजारात आलं.

---

तिरकस

एक शंका. सात इलेक्ट्रॉनांचं एवढं कौतुक चाललंय, पण डिस्प्रोसियम आणि होल्मियमच्या आयनांचं चुंबकीय बळ गॅडोलिनियमपेक्षा जास्त असतं. आकडे बघा: गॅडोलिनियम ७.९ बोर मॅग्नेटॉन (अणूंचं चुंबकीय बळ मोजायचं एकक), ते दोघं साडेदहाच्या पुढे. मग इंजेक्शनात ते का नाहीत?

---

अणुरेणू

@तिरकस, प्रश्न नेमका आहे. बळ मोठं असून भागत नाही, ते किती वेळ एका दिशेला टिकतं हेही बघावं लागतं. डिस्प्रोसियम-होल्मियममध्ये इलेक्ट्रॉनांची फिरकी आणि कक्षेतली गती एकमेकांत गुंतलेली असते. आजूबाजूच्या रेणूंची हालचाल त्या गतीला धक्के देते आणि चुंबकीय दिशा फार झपाट्याने, सेकंदाच्या लाखकोट्यंशाच्या आसपास, बदलत राहते. पाण्यातल्या हायड्रोजनला तेवढ्यात काही जाणवतच नाही. गॅडोलिनियमचं एफ कवच अर्धं भरलेलं, त्यामुळे कक्षेतली गती एकमेकांना पुरती रद्द करते आणि धक्के लागायला जागा उरत नाही. त्याची दिशा हजारपट जास्त टिकते. इथे जिंकतो तो संथपणा.

---

चौकस

@फिल्मवाली, पण मग सुरक्षित की नाही? उलटसुलट वाचायला मिळतं.

---

फिल्मवाली

हो-नाही असं एका शब्दात सांगितलं तर ती दिशाभूल होईल.

१९९७ पासून मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा जाड, कडक होत चालल्याचं दिसू लागलं. हातपाय वाकेनात, काहींचे अंतर्गत अवयवही ग्रासले गेले. कारण कळेना. २००६ मध्ये गॅडोलिनियमशी संबंध लक्षात आला. मूत्रपिंडं काम करत नसली की औषध शरीरात रेंगाळतं, आणि पकड सैल असेल तर धातू सुटा होतो. आजाराचं नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. २००७ मध्ये अमेरिकेत औषधांवर ठळक इशारा आला.

सगळी औषधं सारखी नसतात, मुद्दा तिथे आहे. काहींत धातूला धरणारा रेणू उघड्या साखळीसारखा असतो, काहींत चहूबाजूंनी बंद पिंजऱ्यासारखा. पिंजऱ्यातून धातू सुटणं फार अवघड. त्वचेच्या या आजाराचे बहुतांश रुग्ण साखळीवाल्या औषधांचे निघाले. पिंजऱ्याची औषधं वापरायला लागल्यापासून आणि आधी मूत्रपिंडाची तपासणी करायची शिस्त आल्यापासून नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झालेत.

दुसरी गोष्ट २०१४ मध्ये जपानमधून आली. वारंवार इंजेक्शनं घेतलेल्यांच्या मेंदूच्या काही भागांत, औषध न देताच काढलेल्या चित्रात, जास्त उजळपणा दिसला. धातू तिथे अत्यल्प प्रमाणात साठतो हे पुढे पक्कं झालं, साखळीवाल्यांत जास्त. त्यातून मेंदूला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, पण युरोपने २०१७ मध्ये वाट न बघता साखळीवाल्या बऱ्याच औषधांचा शिरेतून वापर थांबवला, यकृताच्या तपासणीसाठी दोन अपवाद ठेवले. मला तो निर्णय योग्य वाटतो. चांगला पर्याय हाताशी असताना जोखीम कशाला?

मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर तपासणीच्या आधीच डॉक्टरांना सांगा. आणि गरज असताना भीतीपोटी इंजेक्शन नाकारून गाठ नजरेतून निसटू देणं हे त्याहून वाईट.

---

न्यूट्रॉनभक्षक

धागाकर्त्याच्या एका वाक्याला जोरदार हरकत! ‘बहुतेक सगळे उपयोग सात इलेक्ट्रॉनांतून निघतात’? अणुभट्टीवाल्यांना तुमच्या इलेक्ट्रॉनांशी काडीचं देणंघेणं नाही. आम्हाला याचं केंद्रक हवं असतं.

गॅडोलिनियम-१५७ हा समस्थानिक मंद न्यूट्रॉन ज्या भुकेने गिळतो त्याला तोड नाही. शोषणाचा काटछेद (न्यूट्रॉन गिळला जाण्याची शक्यता, बार्न हे तिचं एकक) अडीच लाख बार्नच्या वर. तुलनेला, युरेनियम-२३५ चं विखंडन ५८५ बार्न, नियंत्रक कांड्यांत वापरतात तो बोरॉन-१० सुमारे ३८००. सगळ्या स्थिर समस्थानिकांत पहिला क्रमांक याचाच. झेनॉन-१३५ याहून खादाड आहे, पण तो किरणोत्सर्गी. नैसर्गिक गॅडोलिनियमात १५७ चा वाटा १५.७ टक्के. त्याचा भाऊ १५५ सुमारे ६१ हजार बार्नचा, वाटा १४.८ टक्के.

उपयोग कसा, ते बघा. नवं इंधन भरलं की त्यात विखंडनक्षम युरेनियम गरजेपेक्षा जास्त असतं, नाहीतर ते वर्ष-दीड वर्ष पुरणार नाही. सुरुवातीचा हा जास्तीचा जोर दाबायला काही कांड्यांत युरेनियम ऑक्साइडमध्येच थोड्या टक्क्यांनी गॅडोलिनियम ऑक्साइड मिसळतात. न्यूट्रॉन गिळला की १५७ चा १५८ होतो, आणि १५८ ला भूकच नाही. म्हणजे इंधन जसं जळत जातं तसं हे विषही आपोआप संपत जातं. कुणी हात लावायची गरज नाही. इतकं सोयीचं वेळापत्रक दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही.

जड पाण्याच्या भट्ट्यांत गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण मंदायकात (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्यात) सोडून भट्टी झटपट बंद करायची सोयही असते. नंतर आयन-विनिमय रेझिनने ते गाळून काढतात.

---

अणुरेणू

@न्यूट्रॉनभक्षक, तुमच्या हरकतीनंतर काटछेद एवढा मोठा का ते शोधत बसलो. १५७ च्या केंद्रकाला ०.०३१ इलेक्ट्रॉनव्होल्टला अनुनाद आहे (म्हणजे त्या ऊर्जेचा न्यूट्रॉन विशेष सहज गिळला जातो), १५५ ला ०.०२७ ला. मंद न्यूट्रॉनांची प्रमाण ऊर्जा ०.०२५३. तीच २० अंश सेल्सियसची औष्णिक ऊर्जा! म्हणजे केंद्रकाचा अनुनादही खोलीच्या तापमानाशेजारी आणि क्युरी तापमानही तिथेच.

---

तिरकस

ओढूनताणून आहे हे. एक इलेक्ट्रॉनांचं काम, दुसरं केंद्रकाचं. दोघांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही.

---

न्यूट्रॉनभक्षक

तिरकस यांच्याशी सहमत, योगायोगच. शिवाय चालू भट्टीतलं पाणी २८०-३०० अंशांना असतं, तिथे न्यूट्रॉनही जास्त ऊर्जेचे. काटछेद घटतो, तरी इतका अवाढव्य उरतो की कामाला फरक पडत नाही. पण योगायोग आहे मोठा झकास.

---

आकाशदिवा

न्यूट्रॉनचा विषय निघालाच आहे तर जपानच्या सुपर-कामिओकांडेचं सांगायलाच हवं. न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही क्वचितच धडकणारे सूक्ष्म कण, टिपणारी ही प्रयोगशाळा.

डोंगराखाली एक किलोमीटर खोल, खाणीत ५० हजार टन अतिशुद्ध पाण्याची टाकी. प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) पाण्यातल्या प्रोटॉनला धडकला की एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) आणि एक न्यूट्रॉन निघतो. पॉझिट्रॉनचा लखलखाट लगेच दिसतो. न्यूट्रॉन थोडा भटकतो आणि हायड्रोजनच्या केंद्रकात शिरतो. तेव्हा २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक गॅमा निघतो, तो इतका मंद की गोंगाटात हरवतो. २००४ मध्ये जॉन बीकम आणि मार्क वेगिन्स यांनी सुचवलं, पाण्यात गॅडोलिनियम घाला. तो न्यूट्रॉन पकडतो आणि एकूण ८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा एकदम सोडतो. आधी एक चमक, नंतर मायक्रोसेकंदांत दुसरी, त्याच जागी. अशी जोडी दिसली की प्रतिन्यूट्रिनोची खूण पटली.

बोलायला सोपं. टाकी गळत होती, ती २०१८ मध्ये रिकामी करून सांधे बंद केले. पाणी शुद्ध करणाऱ्या जुन्या यंत्रणेने गॅडोलिनियमही काढून टाकला असता, म्हणून नवी बांधली. २०२० मध्ये १३ टन गॅडोलिनियम सल्फेट विरघळवलं. पाण्यात गॅडोलिनियमचं प्रमाण फक्त ०.०१ टक्का, तरी निम्मे न्यूट्रॉन त्याच्याकडे जातात. २०२२ मध्ये आणखी घालून ते ०.०३ वर नेलं, वाटा ७५ टक्क्यांच्या आसपास. विश्वाच्या इतिहासात फुटलेल्या सगळ्या ताऱ्यांचे न्यूट्रिनो अजून आसमंतात पसरलेले असणार, ते पकडायचा बेत आहे.

---

उन्हाळी

छोटीशी भर. वर लिहिलंय की गॅडोलिनियमला हलवायला अतिनील लागतं. उलटंही खरं: त्याला उत्तेजित केलं की तो ३१२ नॅनोमीटरच्या आसपास अतिनीलच सोडतो, अगदी अरुंद पट्ट्यात. सोरायसिस आणि कोडासाठी ‘नॅरोबँड यूव्हीबी’ नळ्या वापरतात, त्यांच्या आतल्या लेपात प्रकाश देणारा गॅडोलिनियमच असतो. त्वचा भाजणारी आखूड लहर जवळजवळ नाही, उपचाराची तेवढी हजर. म्हणजे रंगहीन असणंही कामाला आलं.

---

मृगजळ

चुंबकीय फ्रिजचं कुणीच कसं लिहिलं नाही?

---

अणुरेणू

@मृगजळ, हात आखडता घेतला होता, आता लिहितो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की गॅडोलिनियमची चुंबकीय शिस्त वाढते आणि तो तापतो. ती उष्णता पाण्याने वाहून न्यायची. क्षेत्र काढलं की शिस्त मोडते आणि तो मूळ तापमानापेक्षा गार होतो. हा परिणाम क्युरी तापमानाजवळ सर्वांत जोरदार, म्हणून खोलीतल्या फ्रिजसाठी हा धातू जणू मुद्दाम घडवलेला.

अतिशीतासाठी ही युक्ती जुनी आहे. १९३३ मध्ये विल्यम जिओक आणि मॅकडूगल यांनी गॅडोलिनियम सल्फेट वापरून ०.२५ केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पाव अंश वर, गाठलं. जिओक यांना १९४९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खोलीच्या तापमानाला ते १९७६ मध्ये नासाच्या जेराल्ड ब्राउन यांनी करून दाखवलं, ७ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकाने दोन टोकांत ४७ अंशांचा फरक. १९९७ मध्ये पेचार्स्की आणि ग्श्नायडनर यांना गॅडोलिनियम-सिलिकॉन-जर्मेनियमच्या मिश्रणात याहून मोठा परिणाम सापडला आणि सगळ्यांच्या आशा पालवल्या.

अडतं कुठे? एका टेस्लाला तापमान बदलतं जेमतेम दोन-तीन अंश. तेवढ्याचे टप्पे रचत न्यायचे म्हणजे मोठाले कायम चुंबक, सतत हलणारे भाग, पंप. कॉम्प्रेसर वाईट आहे, पण स्वस्त आणि मुरलेला आहे. प्रयोगशाळेतून घरोघरी जायला या फ्रिजला अजून वाट सापडलेली नाही, आणि धातूपेक्षा चुंबकाचा खर्च त्याला जास्त कारण आहे असं माझं मत.

---

दगडफोड्या

भूशास्त्राच्या बाजूने दोन शब्द. कवचात हा दशलक्षात सहा भागांच्या घरात, म्हणजे कथिलापेक्षा जास्तच. मोनाझाइट आणि बास्टनेसाइट या खनिजांमधून मिळतो. कष्ट आहेत ते भावंडांपासून वेगळं काढण्यात: सगळ्यांचे आयन तीन धनभाराचे, आकारही जवळपास तोच. पूर्वी शेकडो वेळा स्फटिक बनवून बनवून वेगळं करत. अमेरिकेतल्या एम्सच्या प्रयोगशाळेत स्पेडिंग यांच्या गटाने १९४० च्या दशकात आयन-विनिमयाने वाट सोपी केली.

पण मला खटकतं ते वेगळंच. फिल्मवाली म्हणाल्या की रक्तातलं निम्मं औषध दीडेक तासात बाहेर पडतं. बाहेर म्हणजे कुठे? १९९६ मध्ये बाऊ आणि डुल्स्की यांनी जर्मनीतल्या नद्यांचं पाणी तपासलं. या मूलद्रव्यांचं प्रमाण ओळीने मांडलं तर निसर्गात गुळगुळीत रेघ येते. बर्लिनच्या नद्यांत गॅडोलिनियमपाशी त्या रेघेला टोकदार सुळका निघाला. उगम: एमआरआय. औषध इतकं पक्कं बांधलेलं असतं की सांडपाण्याच्या प्रक्रियेत सुटतच नाही, सरळ नदीत जातं. पुढे पिण्याच्या पाण्यातही सापडलं.

---

चौकस

म्हणजे रुग्णासाठी पकड जितकी घट्ट तितकी बरी, आणि नदीतून काढायला तितकीच कठीण? मग करायचं काय?

---

फिल्मवाली

@दगडफोड्या, मुद्दा मान्य आहे, आमच्याकडे याची चर्चा फार उशिरा सुरू झाली. प्रमाण अत्यल्प असतं, पिणाऱ्याला त्रास झाल्याचं काही पुढे आलेलं नाही. तरी वाढत जाणारी गोष्ट आहे.

एक वाट म्हणजे मुळात कमी देणं. २०२२ मध्ये अमेरिकेत गॅडोपिक्लेनॉलला मान्यता मिळाली. पिंजरा बंदच, पण त्यात पाण्यासाठी एकाऐवजी दोन जागा मोकळ्या ठेवल्यात, त्यामुळे निम्म्या प्रमाणात, दर किलोला ०.०५ मिलिमोलमध्ये, तेवढंच चित्र मिळतं. दुसरी वाट, तपासणीनंतर काही तास रुग्णाचं मूत्र वेगळ्या पिशवीत गोळा करायचं. युरोपात काही ठिकाणी हे करून बघतायत. अडचण रुग्णाची असते: इंजेक्शन झालं की त्याला घरी जायचं असतं, पिशवी सांभाळत बसायला कोण तयार होणार? तिसरी, न लागणारं इंजेक्शन न देणं. जुन्या आजाराच्या नुसत्या पाठपुराव्यात दर वेळी औषध लागतंच असं नाही, आणि हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला रुग्णानेही संकोचू नये.